पुण्यात रोज कामावर जायचं कसं? बस, मेट्रो आणि स्वतःची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नोकरी लागली की पहिल्या काही पगारांतच दुचाकीचा हप्ता सुरू होतो. घरात एक गाडी असली तरी दुसरी येते, मुलगा अठराचा झाला की तिसरी. हे असंच चालायचं असं आपण धरून चाललोय, आणि मला ते मनापासून खटकतं. मी वारज्यात राहतो, काम पुणे स्टेशनच्या बाजूला आहे, आणि पीएमपी (म्हणजे शहराची बस), मेट्रो, स्कूटर तिन्ही वापरतो. सोसायटीत आणि ऑफिसात लोक हेच हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. बसची भाडी जून 2025 च्या दरवाढीनंतरची आहेत. पेट्रोल लिटरला 104 रुपये धरलं आहे.

सरळ सांगा, स्वस्त काय पडतं?

गाडी आधीच दारात उभी असेल तर बस आणि गाडी जवळपास सारखीच पडते. गाडी अजून घ्यायची असेल तर बस बरीच स्वस्त. सगळा घोळ या दोन वाक्यांमध्ये आहे, म्हणून हिशोबच मांडतो.

घर ते ऑफिस बारा किलोमीटर आणि महिन्याला बावीस दिवस काम, असं धरा. येऊन-जाऊन 528 किलोमीटर होतात. स्कूटर शहरात लिटरला 45 देते असं मानलं तर पावणेबारा लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे साधारण 1,220 रुपये. तेच अंतर पीएमपीने गेलात तर दहा ते पंधरा किलोमीटरच्या टप्प्याला 30 रुपये तिकीट आहे. दोन वेळचे 60, महिन्याचे 1,320. म्हणजे पेट्रोलपेक्षा शंभर रुपये जास्तच. लोक एवढंच पाहतात आणि म्हणतात, बसमध्ये धक्के कशाला खायचे?

पण गाडी फक्त पेट्रोलवर चालत नाही. रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात गेलेली स्कूटर आठ वर्षांनी वीस हजारांना विकली, तर मधले ऐंशी हजार गेले. महिन्याला 830 रुपये. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, ब्रेक लायनर यांचे वर्षाला सहा हजार सहज होतात, म्हणजे महिन्याला 500. विम्याचे महिन्याला दीडशे धरा. बेरीज 2,700 रुपयांवर जाते, आणि यात कर्जाचं व्याज, दंड, पार्किंग, पडझड काहीच धरलेलं नाही.

म्हणून मी कुणाला ‘गाडी विकून टाका’ असं सांगत नाही. मी सांगतो, घरातली दुसरी गाडी घेण्याआधी दोन महिने थांबा. एकदा पैसे गुंतले की पुढची प्रत्येक फेरी फुकट वाटायला लागते, आणि मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलाही किक मारली जाते. खरा निर्णय शोरूममध्ये होतो, रोज सकाळी नाही.

नवरा-बायको दोघं एकाच वाटेने, एकाच वेळी जात असतील, तर मात्र एक गाडी आणि दोन हेल्मेट याला पैशांत तोड नाही. तिथे बसची बाजू घेऊन मी वाद घालणार नाही.

महिन्याचा पास काढावा का?

सवयीने काढू नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवड हद्दीचा मासिक पास पूर्वी 900 रुपयांना होता, तो 1,500 झाला. रोजचा पास 70 रुपयांचा. आता वरचंच उदाहरण घ्या. एकाच बसने जाणाऱ्याचे रोजचे 60 होतात, पास भरून निघायला पंचवीस दिवस प्रवास करावा लागतो. शनिवार-रविवार सुट्टी असणाऱ्याला तो परवडत नाही. पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्यात, म्हणजे 20 रुपये तिकिटावर असाल, तर पासचा विचारही करू नका.

पास कामाचा आहे तो बस बदलणाऱ्याला. वारज्याहून स्वारगेट, तिथून हडपसर, अशी दोन तिकिटं दोन्ही वेळा फाडावी लागत असतील तर पंधरा-वीस दिवसांत पास वसूल होतो. फिरतीचं काम असणाऱ्यालाही. दिवसाचा पासही तिसऱ्या फेरीपासूनच फायद्याचा ठरतो. सकाळी चढल्या चढल्या ‘पास द्या’ म्हणण्याआधी मनात फेऱ्या मोजा.

बसने वेळ किती जास्त जातो?

गर्दीच्या वेळी बारा किलोमीटरला दुचाकीवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. बसला थांब्यावरची वाट धरून तास ते सव्वा तास. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही.

पण बसचा त्रास या जास्तीच्या अर्ध्या तासाचा नसतो, तो अंदाज न येण्याचा असतो. एक दिवस बस पाच मिनिटांत येते, दुसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटांत. उशिरा पोचल्यावर साहेब कारण ऐकत नाही. माणूस गाडी घेतो तो वेगासाठी कमी आणि या खात्रीसाठी जास्त, असं माझं ठाम मत आहे. म्हणून बससेवा सुधारायची तर नव्या गाड्यांच्या रंगापेक्षा दर दहा मिनिटांनी बस येते की नाही याकडे आधी पाहायला हवं.

तोपर्यंत दोन गोष्टी हातात आहेत. एक, पीएमपीच्या मोबाइल ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, ते पाहूनच घराबाहेर पडा. प्रत्येक बस त्यावर बरोबर दिसेलच असं नाही, तरी उन्हात उभं राहणं बरंच वाचतं. दोन, थांबा निवडताना सर्वांत जवळचा निवडू नका, जिथून जास्त मार्गांच्या बस जातात तो निवडा. सात-आठ मिनिटं जास्त चालून मुख्य रस्त्यावर आलात, तर एका मार्गाऐवजी चार-पाच मार्गांच्या बस तुमच्या कामाच्या होतात. आतल्या रस्त्यावरच्या थांब्यावर एकाच नंबरची वाट बघत बसणारे लोक मग म्हणतात, पुण्यात बसच नाहीत.

अर्धा तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन एकदम. असं का होतं?

ड्रायव्हर लोक चहा पीत बसतात म्हणून नव्हे. डेपोतून बस ठरलेल्या अंतराने सुटतात. पुढची एखादी सिग्नलला किंवा कोंडीत पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला वेळ लागतो, त्यामुळे बस आणखी मागे पडते, पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागच्या बसला मात्र थांब्यावर माणसंच उरत नाहीत, ती भराभर पुढे येते आणि हिला गाठते. शेवटी पहिली बस दाराला लोंबकळणाऱ्या माणसांनी भरलेली आणि तिच्या मागे एक रिकामी, असं चित्र तयार होतं.

म्हणून पहिली बस भरून आली तर तिच्या मागे डोकावून पाहा. मिनिटभरात मागची येत असेल तर तिच्यात बसायला जागा मिळते.

मेट्रो खरोखर उपयोगाची आहे का?

ज्यांचं एक टोक तिच्या वाटेवर आहे त्यांना अतिशय. 6 मार्च 2022 ला दोन छोट्या तुकड्यांवर ती सुरू झाली, तेव्हा लोक फोटो काढायला जायचे. आज वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट अशा दोन पूर्ण मार्गिका धावतात. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग 29 सप्टेंबर 2024 ला खुला झाला आणि मंडई, कसबा पेठेत गाडी न नेता जाता येऊ लागलं. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत पेठांसाठी झालेली ही सर्वांत चांगली गोष्ट आहे. मंडईजवळ गाडी लावायला जागा शोधत फिरलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको.

भाडं 10 ते 35 रुपये. सकाळी 6 ला सुरू होते, जानेवारी 2025 पासून रात्री 11 पर्यंत चालते. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी मिळते. वनाझहून रामवाडीला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि तो रोज तेवढाच लागतो. बसमध्ये जी खात्री नाही ती इथे आहे.

मार्गिका बदलायची असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकावर पाच-सात मिनिटं हाताशी ठेवा. स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर थांबते आणि वनाझ-रामवाडीची गाडी रस्त्याच्या वरून जाते. एका सरकत्या जिन्यावरून उतरलं की दुसरा, मग तिसरा, असं चालूच राहतं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधीच लिफ्ट कुठे आहे ते पाहून ठेवावं. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण इथे गोंधळतात.

पण मेट्रो माझ्या घरापासून लांब आहे. तिथपर्यंत जायचं कसं?

हाच खरा प्रश्न आहे, आणि बहुतेक लोक इथेच नाद सोडतात.

पहिला पर्याय बस. वारज्याहून मी पीएमपीने नळ स्टॉपला उतरतो आणि मेट्रोने थेट पुणे स्टेशन. डेक्कनपासून पुढची सगळी कोंडी खाली राहते. बस आणि मेट्रोची दोन तिकिटं होतात, म्हणून थेट बसपेक्षा थोडे पैसे जास्त जातात, पण किती वाजता पोचणार ते आधी सांगता येतं.

दुसरा पर्याय रिक्षा. पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17. रोज एकट्याने तीन किलोमीटर रिक्षा केली तर पन्नास रुपये एका वेळचे, मग मेट्रोच्या स्वस्ताईला काही अर्थ उरत नाही. सीटवर जाणारी रिक्षा मिळाली तरच परवडतं.

तिसरा पर्याय, स्थानकापर्यंत स्वतःची गाडी. अनेक स्थानकांखाली पार्किंगची नीट सोय नाही. रस्त्यावर लावणार असाल तर पी-1, पी-2 ची पाटी वाचा. सम-विषम तारखेला बाजू बदलते, आणि संध्याकाळी परत आल्यावर गाडी जागेवर नसली की सगळा दिवस वाया जातो. चौथा पर्याय सायकल. पुणे मेट्रोच्या डब्यात ती नेता येते. फार थोडे लोक नेतात, पण दोन्ही टोकांना दोन-तीन किलोमीटर असेल तर यासारखं सुख नाही.

पंधरा मिनिटं चालण्याच्या आत स्थानक असेल तर चाला. आपल्या फुटपाथांवर चालायला सांगताना मला संकोच वाटतो, कारण मध्येच पानाची टपरी, मग विजेची डीपी, मग उघडं चेंबर. पण तरीही.

दुचाकी इतकी धोकादायक आहे का? आम्ही कॉलेजपासून चालवतोय.

आहे. भारतात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. बसमधल्या प्रवाशांचा वाटा त्यामानाने फारच लहान असतो. गाडी कितीही चांगली चालवा, समोरून उलट्या दिशेने येणारा, डावीकडून घुसणारा, वाळूने भरलेला ट्रक हे तुमच्या कौशल्याबाहेरचं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं झाली, याचं मला वाईट वाटतं. आयएसआयचा शिक्का असलेलं, आयएस 4151 लिहिलेलं हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं. आरशाला अडकवून नेलेल्या हेल्मेटचा तर उपयोग फक्त पोलिस दिसल्यावर.

पावसाळ्यात काय करावं?

जून ते सप्टेंबर शक्य तितकं बस आणि मेट्रोने जा. ज्यांना वर्षभर गाडी सोडणं जमत नाही त्यांनी निदान हे चार महिने पाहावेत. पहिल्या पावसात रस्त्यावर साठलेलं तेल वर येतं, त्या दिवशी गाड्या सर्वांत जास्त घसरतात. पाणी साठलं की खड्डा दिसत नाही. कामांच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी पत्र्यांवर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर ओल्यात ब्रेक मारू नका, त्याआधीच वेग कमी करा. टायरची नक्षी मे महिन्यात तपासून घ्या.

मी रात्री उशिरा सुटते. बसवर भरवसा ठेवायचा का?

रात्री नऊनंतर पुण्यातल्या बऱ्याच मार्गांवर बस विरळ होते, आणि अंधाऱ्या थांब्यावर वीस मिनिटं एकटीने उभं राहण्यापेक्षा स्वतःची स्कूटर बरी, हे मी पूर्णपणे मान्य करतो. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून स्कूटरवर निघालेल्या मुलींनी या शहरात स्वतःच्या येण्या-जाण्याचा हक्क मिळवला आहे. कुणाला विचारावं लागत नाही, कुणी आणायला यावं लागत नाही. बसचा पुरस्कार करणाऱ्यांनी हे विसरून बोलू नये.

दिवसा मात्र चित्र वेगळं आहे. पीएमपीत डाव्या बाजूची आसनं महिलांसाठी राखीव असतात, आणि 2018 पासून काही मार्गांवर फक्त महिलांसाठी तेजस्विनी बस आहेत. मेट्रो रात्री उशिरापर्यंत असते, स्थानकावर उजेड आणि माणसं असतात. अडचण येते ती स्थानकातून बाहेर पडल्यावर. कामाची वेळ तुमच्या हातात नसेल, तर उशिराच्या पाळीला गाडी आणि बाकी दिवस मेट्रो, असं वाटून घ्या.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मग पीएमपीत कंडक्टर पूर्ण का मागतो?

मार्च 2023 पासूनची ती सवलत राज्य परिवहन महामंडळाच्या बसला आहे. पीएमपी ही वेगळी कंपनी आहे, 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून केलेली. कंडक्टरशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नाही. पण शहर बसलाही ही सवलत मिळावी ही मागणी अगदी रास्त आहे. रोज बसने जाणाऱ्या घरकाम करणाऱ्या बायकांना तिची गरज सर्वांत जास्त आहे.

कारने गेलं तर?

एकट्याने रोज कामावर जायला कार नको. वरच्याच बारा किलोमीटरला महिन्याचं पेट्रोलच चार हजारांच्या पुढे जातं, घसारा, विमा, सर्व्हिसिंग धरलं तर अकरा-बारा हजार. आणि दुचाकीपेक्षा उशिरा पोचता. आजी-आजोबांना दवाखान्यात न्यायला, गावी जायला, चौघांनी मिळून ऑफिसला जायला कार ठीक आहे.

हिंजवडीला जाणाऱ्यांनी काय करावं?

कंपनीची बस असेल तर तीच घ्या. नसेल तर घर कुठे घेता यावर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रोची 23 किलोमीटरची तिसरी मार्गिका बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ चौकावरून आखलेली आहे आणि जिल्हा न्यायालयाला बाकी दोन्हींना मिळते. भाड्याचं घर बघताना या मार्गिकेच्या स्थानकापासून चालत किती अंतर आहे ते स्वतः चालून पाहा. दलाल ‘पाच मिनिटं’ म्हणतो ती गाडीवरची असतात.

सगळेच गाडीवर जातात. मी एकट्याने बस धरून काय फरक पडणार?

कोंडीला फारसा नाही. ती सुटायची तर बसला स्वतःची वाट मिळायला हवी. पुण्याने हे देशात फार लवकर ओळखलं होतं. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. पण मार्गिका तुटक राहिल्या, चौकाचौकांत बस पुन्हा गर्दीत मिसळायची, आणि राखीव वाटेत दुचाकीवाले बिनदिक्कत घुसायचे. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडलीच. रस्त्यातली वाट बसमधल्या पन्नास माणसांना द्यायची की चार कारमधल्या चौघांना, हा प्रश्न होता, आणि आपण चौघांच्या बाजूने उत्तर दिलं. मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. मेट्रो कितीही वाढली तरी ती प्रत्येक गल्लीत येणार नाही, बसच येणार. तिला अडवून मेट्रोही चालणार नाही.

तुम्ही बसमध्ये असलात तर हे तुमचंही गाऱ्हाणं होतं. नगरसेवकाकडे बसथांब्याची शेड मागायला जाणारे लोक आज बहुतेक करून म्हातारे आणि शाळकरी मुलांच्या आया आहेत. त्यात नोकरदार माणसं आली तर बोलण्याला वजन येतं.

सुरुवात कशी करू?

सोमवारपासून करू नका, सोमवारी सगळ्यात जास्त गर्दी असते. बुधवार किंवा गुरुवार धरा, आठवड्यातून एक-दोन दिवस. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी निघा. सुटे पैसे ठेवा. कंडक्टरकडे यूपीआयने तिकीट मिळतं, पण भरलेल्या बसमध्ये रेंज गेली की खोळंबा होतो. पाठीवरची सॅक पुढे घ्या, मागच्याला धक्का बसत नाही आणि पाकीटही जागेवर राहतं. मागच्या दाराने चढून हळूहळू पुढे सरका. दारातच उभे राहणारे लोक आत जागा असताना बाकीच्यांना चढू देत नाहीत.

महिनाभराने पेट्रोलचा खर्च, वेळ आणि संध्याकाळी घरी पोचल्यावरचा थकवा तिन्ही पाहा. थकवा हिशोबात कुणी धरत नाही, पण सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत तासभर क्लच दाबलेल्या हाताला तो कळतो.

हात दाखवूनही बस थांबली नाही तर?

बसचा क्रमांक, मार्ग, थांब्याचं नाव आणि वेळ तिथल्या तिथे मोबाइलवर लिहून घ्या. शक्य असेल तर मागच्या पाटीचा फोटो काढा. पीएमपीच्या तक्रार कक्षाकडे त्याच दिवशी कळवा. ‘बस थांबत नाही’ अशी मोघम तक्रार पुढे जात नाही, क्रमांक आणि वेळ दिली की डेपोत त्या फेरीवर कोण होतं ते निघतं. तोच प्रकार एकाच थांब्यावर वारंवार होत असेल तर तिथल्या चार-पाच प्रवाशांनी वेगवेगळी तक्रार करा. आणि एखाद्या ड्रायव्हरने धावत येणाऱ्या म्हातारीसाठी बस थांबवली असेल, तर तोही क्रमांक कळवा. तशी पत्रं डेपोत फार कमी येतात.